योसीची सैल गाठ

सन १९९५. माझं वय बहात्तर. तुझं किती ते मला ठाऊक नाही, कारण तुलाही ठाऊक नव्हतं. तुझी आई सांगायची म्हणे, ज्या वर्षी पश्चिमेचा वारा लवकर सुटला आणि जायफळं कच्चीच गळाली त्या वर्षी तू झालीस. पासपोर्टात एक साल होतं, ते तुझ्या गोऱ्या मालकिणीने तुझ्या तोंडाकडे बघून घातलेलं. इस्पितळातल्या नर्सने वय विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. तू पडल्या पडल्या डोळे मिटून हसलीस.

योसी, तुला जाऊन दोन आठवडे होऊन गेले. तू गेलीस त्याच आठवड्यात सरकारी माणसं आपल्या जायफळाच्या झाडाला तांबडी पट्टी बांधून गेली. पट्टी म्हणजे तोडायचं. आपल्या ब्लॉकपासून बस स्टॉपपर्यंत छपराची वाट घालणार आहेत, पावसात लोक भिजू नयेत म्हणून, आणि झाड बरोबर वाटेत येतं. ते नर की मादी, हे आपलं सात वर्षांचं भांडण मिटलेलं नाही. आणि तू मध्येच उठून गेलीस.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. जहाजावर सुकाणी होतो, चाक धरून उभं राहणारा, पेन धरणारा नव्हे. मराठी मंडळाची पोरं म्हणाली, "काका, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो, अंकात छापू." पुण्याहून आलेली हुशार पोरं आहेत, कॉम्प्युटरवाली. मी म्हटलं, बायको माझी होती, लिहीन मीच. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, शब्दाला हात लावू नका.

तू मला पहिल्यांदा बोललीस ते भांडायलाच. इथे सिंगापुरात, सेरांगून रोडवरच्या मसाल्याच्या दुकानात मी जायफळ घेत होतो. आमच्या जहाजावरच्या मराठी मंडळींचा श्रीखंडाचा बेत होता आणि जायफळ पारखायचं काम माझ्याकडे, कारण माझ्या बापाच्या वाडीत, वेंगुर्ल्याला, जायफळाची दोन झाडं होती. मी एक उचललं, नाकाला लावलं, कानापाशी हलवून बघितलं आणि दुकानदाराला ऐटीत म्हटलं, "हे उत्तम." मागून एक काळीसावळी, कुरळ्या केसांची बाई मलायूत, इथल्या मलय भाषेत, म्हणाली, "हे किडलंय." मी म्हटलं, "बाई, मी जायफळाच्या झाडाखाली वाढलोय." तू म्हणालीस, "मी पण. पाण्यात टाक." दुकानदाराने हसत बादली पुढे केली. मी निवडलेलं जायफळ तरंगलं. तू न बघता उचललेलं दगडासारखं तळाला गेलं. सगळं दुकान हसलं. मी पैसे देऊन बाहेर आलो आणि दुसऱ्या रविवारी त्याच वेळी पुन्हा त्याच दुकानात जाऊन उभा राहिलो. जायफळ घ्यायचं नव्हतं.

तू एका वलंदेज, म्हणजे डच, कुटुंबाची मुलं सांभाळायला त्यांच्याबरोबर इंडोनेशियातल्या तुझ्या बेटावरून आलेली. ते कुटुंब पुढे आपल्या देशाला निघालं तेव्हा तुलाही चल म्हणाले. तू नाही म्हणालीस. मला वाटलं होतं, माझ्यासाठी राहिलीस. लग्नानंतर विचारलं तर म्हणालीस, "तिथे फार थंडी, बांग. आणि तिथे जायफळ म्हणे बाटलीत असतं, कुटलेलं." बांग म्हणजे मलायूत थोरला भाऊ, नवऱ्यालाही म्हणतात. रागावलीस की मात्र मी सुकाणी. "ए सुकाणी, चाक तिकडे सोडून ये, हे घर आहे."

वेंगुर्ल्याला पत्र घातलं तेव्हा बापाने उलट कळवलं की कुठली, कोणाची, माहेर काय. मी तुला वाचून दाखवलं. तू विचारलंस, "माहेर म्हणजे?" मी समजावलं. तू म्हणालीस, "लिही त्यांना. तुमच्या वाडीत जी दोन झाडं आहेत, ते माझं माहेर. जायफळ आधी जगात फक्त आमच्या बेटांवर होतं. मी नंतर आले, माझं माहेर आधीच तुमच्या घरात येऊन बसलंय." मी जसंच्या तसं लिहिलं. बापाचं पुढचं पत्र आलं त्यात तुझ्यासाठी आमसुलं होती आणि माहेराबद्दल एक अक्षर नव्हतं.

मला मात्र ते पटायचं नाही. जायफळ आमचं, श्रीखंडातलं, पुरणातलं, बाळाच्या गुटीतलं. ते कुठल्या परक्या बेटावरून आलं हे मी मान्य करीन होय? आणि तू स्वयंपाकघराच्या दारात बसून तुझ्या बेटाचं सांगायचीस. मलुकू प्रांतातला तो बांदा. नकाशावर कोणी पेन झटकल्यावर शाईचे थेंब पडावेत एवढीच बेटं. मध्ये खोल, तळ दिसेल असं पाणी आणि त्या पाण्यातून सरळ वर आलेला आगीचा डोंगर, गावाच्या अगदी समोर, वाण्याच्या दुकानासारखा. सगळ्या बेटावर कनारीची जुनी झाडं, बदामासारखं फळ येणारी, पन्नास-साठ हात उंच, आणि त्यांच्या सावलीत जायफळ. ऊन जायफळाला सोसत नाही. झाडावर फळ पिकून उकललं की आतली तांबडी पत्री दिसते. "ओठ रंगवलेल्या बाईने तोंड उघडावं तशी," तू म्हणायचीस. फळं काढायला लांब वेळूच्या टोकाला छोटी परडी. मी म्हटलं, हा तर आमचा आंब्याचा झेला! तू म्हणालीस, "तो पण आमच्याकडूनच गेला असणार." त्यावरून दोन दिवस अबोला.

पण एक गोष्ट तू सांगायचीस तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकायचो. तुझ्या बेटाची मूळ माणसं तुम्ही नव्हेतच. साडेतीनशेच्या वर वर्षं झाली, वलंदेज आले, जायफळ फक्त आम्हालाच विकायचं म्हणाले, लोकांनी ऐकलं नाही, तर त्यांनी जवळजवळ सगळं बेट मारून काढलं. थोडे होड्यांत बसून पूर्वेकडच्या दुसऱ्या बेटांवर पळाले. त्यांचे वंशज तिथे अजून जुनी भाषा बोलतात. बागा राहिल्या, फळं तोडायला माणूस नाही. मग जिकडून मिळतील तिकडून माणसं पकडून आणली. "मी त्या माणसांची, बांग. कुठली कुठली. जावाची असेन, तिमोरची असेन." आणि मग हळूच, "तुझ्या वेंगुर्ल्याला त्या वलंदेजांची वखार आहे म्हणालास ना? पडकी? मग त्यांनी तिथूनही कोणी नेला असेल. मी कदाचित तुझ्याच गावची."

मी खवळायचो. "वखारीत मिरी होती, कापड होतं. आमच्या गावचा माणूस कोणाचा गुलाम नव्हता."

"तू होतास तेव्हा बघायला?"

"नव्हतो. तरी सांगतो."

"मग मीही नव्हते. तरी सांगते."

हे भांडण चाळीस वर्षं चाललं. आपली पोरगी लीला लहान असताना आपल्या दोघांच्या मध्ये जेवायला बसायची. आपला आवाज चढला की तिकडून विचारायची, "आज पण वखार?"

खरं सांगू, तू माझ्या गावची असतीस तर मला वाईट वाटलं नसतं. पण ते मान्य करायचं म्हणजे तुला कोणीतरी बांधून नेलं होतं हे मान्य करायचं. ते मला करवत नव्हतं, एवढंच.

एकदाच मी तुझं बेट पाहिलं. आमचं जहाज अंबॉनहून दक्षिणेला निघालेलं, पहाटे चाकावर मी. डावीकडे तो डोंगर आला. बाकी धुकं. मी घरी येऊन तुला सांगितलं. तू हातातली कढई खाली ठेवलीस. "पायथ्याला पांढरी रेघ दिसली? ती आमची बाजाराची भिंत."

"नाही. डोंगर दिसला."

"नीट आठव. पांढरी. उजव्या अंगाला."

"योसी, धुकं होतं. दिसली नाही."

तू कढई उचललीस. जेवण वाढताना म्हणालीस, "खोटं तरी सांगायचं." मी म्हटलं, मी खोटं सांगत नाही. तू म्हणालीस, ठाऊक आहे, तेच तर.

तुझ्या बेटाचा डोंगर फुटला त्या वर्षी आपण रेडिओला कान लावून बसलो होतो. लोक होड्यांतून पळाले, परत आले. काही महिन्यांनी तुझी बहीण एका ओळखीच्या खलाशाबरोबर नारळाच्या ओल्या सोडणात गुंडाळून ताजी जायफळं पाठवती झाली. ताजी असली तरच रुजतात, वाळली की गेली. तू सगळी दुधाच्या डब्यांत लावलीस, स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने. एकच रुजलं. ते वीतभर झालं तेव्हा तू कोणाला न विचारता ब्लॉकच्या मागच्या गवतात, त्या केळीच्या सावलीत नेऊन लावलंस. बेडोकला, आपल्या ह्या वस्तीतल्या गवतात, बांदाचं झाड. मी वर गॅलरीतून बघत होतो. म्हटलं, ही आता तुरुंगात जाणार.

आणि मग भांडण सुरू झालं ते हे. जायफळाचं झाड नर असतं किंवा मादी. बी लावलं तर सहा-सात वर्षं, फूल येईपर्यंत, कळत नाही. नराला फळ नाही. आमच्या वाडीत बापाने तिसरं झाड लावलं होतं, ते नर निघालं, बापाने त्याच दिवशी कुऱ्हाड आणली. मी रोपाचं पान बघितलं, लांबट, ताठ. म्हटलं, हा नर आहे. शेंडा छाट, कलम कर, मी करतो. कोकणातल्या माणसाला कलम शिकवायला लागत नाही.

तू रोपावर वाकून उभी राहिलीस, कोंबडी पिलांवर राहते तशी. "हात लावायचा नाही. बोलायच्या आधी कोणी काय आहे ते ठरवायचं नाही."

"नर निघाला तर?"

"तर नर. आमच्याकडे दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. तो नसला तर त्या दहा काय करणार?"

"इथे दहा कुठे आहेत? हा एकटा काय करणार?"

"तुझ्यासारखा उभा राहील," तू म्हणालीस. "फुकट ऐट करत."

गवत कापायला माणसं यायची, यंत्र फिरवत. पहिल्या वर्षी एकाने शेजारची केळ उडवली. दुसऱ्या दिवशी तू बाजारातून नारळाची कोवळी पिवळी झावळी आणलीस, पात्या फाडून झाडाच्या काठीला बांधल्यास आणि म्हणालीस, सासी लागली. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हिच्या मुलखात गावाने एखादं झाड, बाग, समुद्राचा तुकडासुद्धा काही काळ बंद करायचा ठरवला की तिथे कोवळी झावळी बांधतात. ती असेपर्यंत कोणी हात लावत नाही, चोरसुद्धा. वेळ झाली की ज्याने बांधली त्यानेच सोडायची. त्याला सासी म्हणतात.

मी पोट धरून हसलो. "सिंगापूर सरकार तुझ्या पानाला घाबरणार?"

घाबरलं मात्र. गवतवाला तामिळ गडी आला, झावळी बघितली, हात जोडले, यंत्र वळवून गेला. त्याला वाटलं देव बसवलाय. पुढच्या आठवड्यात झाडाखाली उदबत्त्या आणि दोन संत्री. चौथ्या मजल्यावरची चिनी म्हातारी लॉटरीचा नंबर मागायला आली होती. मी म्हटलं, बघ, तुझ्या सासीचा तमाशा. तू एक संत्रं सोललंस, अर्धं मला दिलंस. "देवाचं आहे, नको म्हणू नकोस."

पण तुझी गाठ! योसी, मी आयुष्य दोरांत काढलं. तू मारायचीस ती गाठ म्हणजे गाठच नव्हे, पाती नुसती गुंडाळून खोचलेली. आठ दिवसांत सैल व्हायची, दहाव्या दिवशी खाली. तू पुन्हा नवी पाती घेऊन उतरायचीस. गुडघे दुखत असताना. एकदा तू चर्चला गेलीस तेव्हा मी नायलॉनच्या दोरीने खलाशी गाठ मारून ठेवली, वादळातही सुटली नसती. तू आलीस, बघितलंस, वर जाऊन सुरी आणलीस आणि कापून टाकलीस. मला राग आला.

"बांधून विसरायची नसते ती," तू म्हणालीस. "सुटते म्हणून तर रोज बघायला यावं लागतं. तुझी गाठ मारली की मग झाडाकडे कोण बघतं?"

मी म्हटलं, हा अडाणीपणा आहे. मला अजूनही वाटतं की गाठ पक्की असावी. ते मी सोडलेलं नाही.

मग तुझं हृदय. डॉक्टरने इंग्रजीत सांगितलं, लीलाने मराठीत सांगितलं, मला दोन्ही कळलं नाही, तुला बघून कळलं. लिफ्टपर्यंत चालायला तुला मध्ये थांबावं लागायला लागलं. तरी खाली जायचीस. शेवटची पाती तू बांधलीस तेव्हा मी तुझं कोपर धरून उभा होतो. पाती दोनदा हातातून सुटली. मी म्हटलं, दे इकडे. दिली नाहीस.

इस्पितळात तुला पाणीसुद्धा मोजून द्यायचे. तू विचारलंस, "फूल आलं?"

"नाही."

"कळी?"

"नाही, योसी. सकाळीच बघून आलो."

तू माझा हात धरलास, मनगटाला, चाक धरतात तसा. "बांग. एक एक आलं तर मादी. झुपक्याने आलं तर नर. नीट बघ. तुझी नजर आता अधू झालीय."

"माझी नजर चांगली आहे."

"गाठ सैल झाली असेल."

"बघतो."

मग खिडकीकडे बघत तू म्हणालीस, "खोटं तरी सांगायचंस."

मला तेव्हा सांगायचं होतं की आलं, झाडभर आलंय, आणि पायथ्याला पांढरी रेघ होती, उजव्या अंगाला, मी बघितली होती, उन्हात चमकत होती. जिभेपर्यंत आलं. पण तू लगेच ओळखलं असतंस. तुला माझ्याकडून कधी खोटं मिळालं नाही, आणि शेवटचं एकच खोटं तू कुठे ठेवलं असतंस? सांगितलं नाही. तू हात सोडला नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी, लीला तुझे केस विंचरत असताना, तू गेलीस. अर्धी वेणी झाली होती. लीलाने ती पुरी केली.

इथल्या रिवाजाप्रमाणे तुला ब्लॉकखाली, मोकळ्या वॉइड डेकवर ठेवलं. तुझ्या चर्चच्या बायका तुझ्या भाषेतली गाणी म्हणत होत्या, मंडळाच्या बायका नऊवारी नेसून आल्या होत्या, चौथ्या मजल्यावरची म्हातारी खुर्ची टाकून रात्रीपर्यंत बसली. कोणीतरी मोदकांची आठवण काढली. गणपतीला तू सारणात खोबऱ्याबरोबर कनारीच्या बिया आणि जायफळ घालायचीस, आणि पुण्याच्या बायका आधी नाकं मुरडून मग चार चार खायच्या. मी तिथून झाड बघत होतो. तुझी पाती सुकून तपकिरी झाली होती, पण पडली नव्हती. तुझी एकच गाठ अशी, जी इतके दिवस टिकली. मला वाटलं, पडू नये. मग वाटलं, पडली तर?

पडली. तुला पोहोचवून आलो त्या रात्री पाऊस झाला. तीन-चार दिवसांत पट्टी आली.

लीला रोज येते चोआ चू कांगहून, तिच्या घराकडून, सगळं सिंगापूर ओलांडून, कामावरून थेट. जेवण डब्यात, बोलण्यात इथला 'ला'. "पा, एकटा कसा राहणार तू? माझ्याकडे चल ना, रूम आहे ला. मम्मी असती तर तिनेही हेच सांगितलं असतं."

"तुझ्या मम्मीने हे सांगितलं नसतं. ती म्हणाली असती, झाड?"

"पा, झाड तर कापणारच. आणि तूच म्हणायचास ना, नर आहे, कापा. सात वर्षं मी ऐकलंय, पा. प्रत्येक रविवारी."

पोरगी खोटं बोलत नव्हती. माझ्यावर गेलीय.

काल संध्याकाळी छपराच्या वाटेचं काम बघणारा ऑफिसर आला. मलायू पोरगा, नम्र. मला पाकचिक म्हणाला, म्हणजे काका. मी तुझी पाती उचलून कट्ट्यावर ठेवली होती, ती बघून म्हणाला, "पाकचिक, लग्न होतं का कोणाचं? माझी आजी जावाची, आमच्याकडे लग्नात अशी पानं बांधतात."

मी म्हटलं, लग्न होतं. चाळीस वर्षांपूर्वी.

तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. झाडाभोवती फिरला. "कसलं झाड आहे?"

"जायफळ. बांदाचं."

"फळ धरतं का? बघा, वाट दोन हात वळवता येते. मी वर विचारू शकतो. पण काहीतरी सांगावं लागेल. फळ देणारं आहे, लोकांना हवं आहे, असं काही. नुसतं झाड म्हटलं तर वरचे ऐकणार नाहीत."

मी सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हाच दिसलं, योसी. खालच्या फांदीवर, पानाच्या बगलेत. भाताच्या दाण्याएवढ्या पिवळट घंटा. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक नव्हती. तीन, चार, पाच. झुपका. पलीकडच्या फांदीवरही झुपका. वरही.

नर.

सात वर्षं मी जे सांगत आलो ते. पहिलं पान बघून सांगितलं होतं. मी जिंकलो, योसी. वखारीचं नाही, बाजाराच्या भिंतीचं नाही, पण हे जिंकलो, आणि मी वळलो, खरंच वळलो, तू माझ्या डाव्या अंगाला उभी असतेस तिथे, सांगायला. तिथे तो पोरगा उभा होता.

"पाकचिक? फळ धरतं?"

खोटं सांगितलं असतं तर वाट वळली असती. मला ते येत नाही, आता या वयात शिकणार नाही. मी म्हटलं, "नाही धरत. कधी धरणार नाही. नर आहे."

त्याने मान हलवली, वाईट वाटल्यासारखी.

"पण बंद आहे ते," मी म्हटलं. "माझ्या बायकोने बंद केलंय. तिच्या मुलखात अशी पाती बांधली की कोणी हात लावत नाही. ज्याने बांधली त्यानेच सोडायची."

"मग त्यांना विचारा ना, पाकचिक. मी थांबतो."

मी कट्ट्यावरच्या पातीवरून हात फिरवला. त्याने वॉइड डेककडे बघितलं, कट्ट्यावरच्या सुक्या पातीकडे बघितलं, आणि त्याला कळलं. डोक्यावरची टोपी काढली पोराने. म्हणाला, "मी विचारतो. दोन हातच आहेत. काय म्हणतील सांगता येत नाही, पण विचारतो. तोवर पट्टी राहू दे, ती मला काढता येत नाही." मग जाता जाता वळून म्हणाला, "पान मात्र बांधा. नुसती पट्टी दिसली तर कामगार विचारणार नाहीत."

लीला आली तेव्हा मी झाडापाशीच होतो. तिला फुलं दाखवली. ती हळू आवाजात म्हणाली, "सो यू वेअर राईट, पा." आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, तुझी मम्मी म्हणायची नर असला तर उभा राहील फुकट ऐट करत. लीला रडता रडता हसली आणि म्हणाली, "डब्बा खा आधी." चोआ चू कांगला राहायला चल, हे तिने काल काढलं नाही.

आज सकाळी बेडोकच्या बाजारात गेलो. नारळवाल्याला कोवळी झावळी मागितली. तो म्हणाला, आंटी कुठे? मी सांगितलं. त्याने आतून निवडून आणली, पिवळीजर्द, आणि पैसे घ्यायला तयार होईना. कट्ट्यावर बसून पात्या फाडल्या. दोर हातात घेतल्यासारखी बोटं आपोआप खलाशी गाठ मारायला गेली. मी ती सोडवली. पुन्हा तीच पडली, पुन्हा सोडवली. मग डोळे मिटून तुझी बोटं आठवली. गुंडाळायचं, खोचायचं, सोडून द्यायचं. तांबड्या पट्टीच्या वर, तुझ्या उंचीला, तुझी गाठ मारली. ओढून बघितली. सैल होती. आठ दिवस टिकेल, फार तर दहा.

रोज खाली येऊन बघावं लागेल.